जमलं तर मार्चमध्ये ये

टूसॉन, अ‍ॅरिझोना

प्रिय वैशू,

जूनमध्ये येतेस हे वाचून खूप आनंद झाला. तुला सुट्टी तेव्हाच मिळते हे कळतं, तरी मार्चचं जमतं का बघ ना. तुला एक झुडूप दाखवायचंय, आणि जूनमध्ये त्याच्या नुसत्या काटक्या दिसतील.

इथे त्याला ब्रिटलबुश म्हणतात. शास्त्रीय नाव एन्सेलिया फॅरिनोसा. सूर्यफुलाच्या कुळातलं, वर्षानुवर्षं जगणारं, कमरेएवढं, गोलसर. सोनोराच्या वाळवंटातलं, अस्सल इथलंच. हिवाळ्यात पाऊस बरा झाला की मार्चमध्ये टेकड्यांचे खडकाळ उतार पिवळेधमक होतात. पानांच्या वर लांब उघडे देठ, टोकाला फुलं. सूर्यफुलासारखंच, एकेक फूल म्हणजे अनेक बारीक फुलांचा झुबका. कडेच्या पाकळ्यांत बी धरत नाही, त्या फक्त किड्यांना बोलावतात. बी धरतं ते मधल्या चकतीत.

पण फुलं बघायला सगळेच येतात. तू पान बघ. भिंग आण, नक्की आण! पानावर पांढऱ्या केसांची दाट लव असते. पाऊसपाणी असताना फुटलेली पानं मोठी, हिरवट आणि विरळ लवेची. जमीन कोरडी पडू लागली की नवी पानं लहान येतात आणि लव दाट होत जाते, इतकी की झुडूप चंदेरी दिसतं. अशा पानावर पडलेला निम्म्याहून जास्त प्रकाश परत फेकला जातो. पान तापत नाही, पाणी वाचतं. मात्र अन्न करायलाही प्रकाशच लागतो, म्हणजे वाढ मंदावणार. आधी जगायचं, वाढायचं मग, असा त्याचा हिशेब. पाणी अगदीच संपलं तर पानंही गाळून टाकतं. या झुडपाबद्दल मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती यामुळे.

खोड मोडलं की सुवासिक डिंक येतो. स्पॅनिश मिशनऱ्यांनी तो चर्चमध्ये धुपासारखा जाळला, म्हणून त्याला ‘इन्सिएन्सो’ही म्हणतात. इथले मूळचे ओ'ओधाम लोक तो चघळत, आणि समुद्रकाठचे सेरी लोक त्यानं भाल्याची टोकं पक्की बसवत.

आता काळजीची गोष्ट. चाऱ्यासाठी बाहेरून आणलेलं बफेल गवत इथे बेफाम पसरलंय. आपल्याकडे कोरड्या भागात गुरांना घालतात ते अंजन गवत, तेच हे. तिकडे कामाचं, इथे घातक. या वाळवंटात झुडपांमध्ये मोकळी जमीन असते, त्यामुळे आग फार पसरत नसे. हे गवत ती मोकळी जागा भरून काढतं, वाळतं आणि पेट घेतं. इथल्या झाडाझुडपांना आगीची सवयच नाही, मोठमोठे सग्वारो निवडुंगही त्यात मरतात. गवत उपटायला माणसं कुदळी घेऊन डोंगरावर जातात, मीही जाते. गड्डा मुळासकट निघायला हवा, नाहीतर पुन्हा फुटतो. हात भरून येतात, पण हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आलीस की तुमामॉक टेकडीवर जाऊ. 1903 मध्ये तिथे वाळवंटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू झाली, आणि 1906 पासून आखून ठेवलेल्या तुकड्यांतल्या झाडांच्या नोंदी आजही होतात. चढ बऱ्यापैकी आहे, चांगले बूट घाल.

रजेचं साहेबांशी बोल आणि लगेच कळव, म्हणजे मीही त्या आठवड्याची सुट्टी टाकते. काकूंना नमस्कार.

तुझी,
मंजू