पनवेलला आतून दार उघडणाऱ्या मावशींना

तीर्थस्वरूप मावशी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडेल की नाही, माहीत नाही. पण संगमेश्वर, देवरुख, माखजन भागातली तुमची कुणी भाची-पुतणी वाचेल आणि म्हणेल, "अगो, ही तर आपली काकी," या आशेवर लिहिते आहे. मी ती पनवेलला चढलेली, आईला घेऊन निघालेली. तुम्ही मला शेवटपर्यंत "बाय" म्हणत होतात, नाव विचारलंच नाहीत. मीही तुमचं विचारलं नाही. त्या गर्दीत नावाची गरजच पडली नाही.

तारीख २५ ऑगस्ट २०२५, सोमवार, हरतालिकेचा आदला दिवस. आईचं वय अडुसष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खरं तर तिला जनरलच्या डब्यातून न्यायचं माझ्या मनातही नव्हतं. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मी मोबाइल हातात धरून बसले होते. पैसे भरून होईपर्यंत तिकीट वेटिंगला गेलं, ते शेवटपर्यंत तिथेच राहिलं. चार्ट लागला आणि तिकीट आपोआप रद्द झालं. तात्काळचीही तीच गत. त्या वर्षी भारतीय रेल्वेने गणपतीसाठी ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या होत्या, तरी चाकरमानी त्यात मावला नाही. एसटी होती, पण महामार्गावरचे खड्डे आईच्या गुडघ्याला आणि कमरेला झेपले नसते. आणि "राहू दे यंदा" म्हणावं, तर गणपती घरचा, भाऊ गावी एकटा, आई ऐकणारी नव्हे. तुम्हाला हे काय सांगायचं, तुम्ही दरवर्षी याच वाटेने जाता.

गाडी पनवेलला लागली तेव्हा जनरलच्या डब्यांची दारं आतून लावलेली होती. फलाटावरची माणसं दारावर थापा मारत होती, आतली माणसं काचेतून नुसती बघत होती. मला त्यांचा राग आला होता. आज येत नाही. दार उघडलं असतं तर आणखी वीस जण चढले असते आणि त्यांना श्वास घ्यायलाही जागा उरली नसती. माझा हात आईच्या हातात होता आणि तो घामाने निसटत होता. मी तिला म्हणाले, "चल, घरी जाऊ." तेवढ्यात एक दार वीतभर उघडलं आणि हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला. "म्हातारीला पुढं कर," तुम्ही ओरडलात. मागून कुणी तरी "दार लावा, दार लावा" म्हणत होतं. तुम्ही मान न वळवता त्याला म्हणालात, "लावते. दोन बाया घेते आनि लावते." आईला तुम्ही काखेत धरून वर ओढलंत, मला दंडाला धरून. आणि शब्दाप्रमाणे दार लावलंत.

मला लगेच आत घुसायचं होतं, तुम्ही थांबवलंत. म्हणालात, गाडी सुटेपर्यंत कुणी हलायचं नाही, सुटली की माणसं आपोआप बसतात, मग सरकायचं. खरोखर तसंच झालं. पनवेलच्या इमारती मागे पडल्या आणि डब्यातली गर्दी, पोत्यातले तांदूळ हलवल्यावर खाली बसतात तशी, बसली. पाठीवरची सॅक मला पोटाशी घ्यायला लावलीत. चौघांच्या बाकड्यावर सहा जण होते, तिथे तुम्ही आईला सातवी बसवलंत. उठवलं कुणालाच नाहीत, फक्त प्रत्येकाला बोटभर सरकायला सांगितलंत. आईला बसल्यावर एवढं बरं वाटलं की ती मधु दंडवत्यांची आठवण सांगू लागली. राजापूरचे खासदार रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या, ही गोष्ट ती प्रत्येक प्रवासात सांगते. तुम्ही ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकलीत.

इथपर्यंतच्या मदतीसाठीही मी तुमची जन्मभर ऋणी राहिले असते. पण हे पत्र मी लिहिते आहे ते त्यापुढच्या गोष्टीसाठी.

पेण गेलं, नागोठणं गेलं. रोह्याच्या अलीकडे आईचं बोलणं थांबलं. मला वाटलं डोळा लागला असेल. तुमचं लक्ष मात्र तिच्या मांडीवरच्या पाण्याच्या बाटलीकडे होतं. एक लिटरची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. तुम्ही वाकून मला विचारलंत, "अगो बाय, हिनं सकाळधरनं पानी घेतलंन का नाय?"

मी आईला विचारलं. ती पुटपुटली, "नको. मग जावं लागतं."

मावशी, त्या क्षणी मला माझीच शरम वाटली. डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं होतं, मूत्रपिंडाला जपा, पाणी तोडू नका. आणि माझ्या शेजारी बसून ती आदल्या रात्रीपासून घसा कोरडा ठेवून होती. ओठांवर पांढरी साल धरली होती. साखरेची गोळी घेतली होती, पण पाण्याशिवाय घास उतरेना म्हणून डबा तसाच बांधलेला. तिने हे मला सांगितलं नाही, कारण सांगून मी काय करणार होते? बाकड्यापासून संडासापर्यंत पंधरा पावलं असतील. त्या पंधरा पावलांत तीस-चाळीस माणसं, मखरांची खोकी, तांदळाच्या पिशव्या, वर्तमानपत्रावर झोपलेली पोरं. दोन संडासांपैकी एकात बॅगा रचलेल्या आणि दुसऱ्यात तीन मुलगे उभे.

तुम्ही पदर खोचलात आणि उठलात.

तुम्ही कुणाशीही भांडला नाहीत. गर्दीत वाट काढणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत, ती कोपराने काढतात. तुम्ही एकेकाशी बोलत गेलात. खोकी बाकड्याखाली आडवी घातलीत. उभ्या माणसांना एकाच बाजूला, पाठ लाकडाला लावून उभं केलंत, म्हणजे दुसऱ्या बाजूला एक माणूस आडवा जाईल एवढी फट राहिली. झोपलेलं पोर त्याच्या बापाच्या मांडीवर ठेवलंत. संडासातल्या मुलांना म्हणालात, "बाळांनो, तुमची आई पन अशीच येते ना गाडीतनं?" तिघं काही न बोलता बाहेर आले. त्यातला एक उंच, निळ्या टी-शर्टातला, त्याला तुम्ही कामालाच लावलंत. बॅगा बाहेर काढून माळ्यावर चढवायच्या, आणि एक संडास बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा, तिथे कुणाला उभं राहू द्यायचं नाही.

दाराला कडी नव्हती. जिथे कडी असायची तिथे फक्त भोक. तुम्ही माझी ओढणी मागितलीत, तिचं टोक भोकातून ओवून आत गाठ मारलीत आणि आईला दाखवलंत, हे असं हातात धरून बसायचं. बाहेरून दाराला पाठ लावून तुम्ही स्वतः उभ्या राहिलात. आई बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने बाटली उघडली आणि उभ्यानेच अर्धी संपवली.

मग जे झालं ते मी अजून विसरलेली नाही. कोपऱ्यातली एक नऊवारीतली आजी उठली. तिच्यामागे एक सात महिन्यांची पोटुशी मुलगी. मग कॉलेजातल्या दोघी. मग खिडकीशी बसलेली एक, जी इतका वेळ डोळे मिटून होती आणि मला ती झोपलीय असं वाटत होतं. एक, दोन, पाच, नऊ. सगळ्या तेवढ्याचसाठी गप्प बसल्या होत्या, काही तर गाडी सुटल्यापासून. कुणीच कुणाला बोललं नव्हतं. रांग लागली, तीही तुमच्या त्या फटीतून, एकीमागे एक. आणि ज्या परत येत होत्या त्या बाटल्या उघडत होत्या. डब्यात एकामागून एक बाटल्यांची बुचं वाजत होती.

आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे आपण इतकं धरून चाललो आहोत की त्याला कुणी त्रास म्हणतच नाही. गर्दीबद्दल बोलताना आपण जागेबद्दल बोलतो, तिकिटाबद्दल बोलतो, उशिराबद्दल बोलतो. घरी पोचून दोन दिवस लघवीला जळजळ होते, ताप येतो, त्याचा संबंध कुणी गाडीशी जोडत नाही. माझ्या आईला त्या प्रवासात काही झालं नाही, त्याचं कारण तुमची नजर एका भरलेल्या बाटलीवर गेली.

वीरपर्यंत रूळ दुहेरी आहेत, तिथपर्यंत गाडी बरी पळाली. पुढे एकेरी मार्ग, त्यामुळे क्रॉसिंगसाठी थांबणं आलंच. करंजाडीला आपण बाजूच्या रुळावर उभे राहिलो, तोवर डब्यातलं पाणी संपलं होतं. निळ्या टी-शर्टवाल्याने दहा बाटल्या गोळा केल्या आणि उतरून फलाटावरच्या नळावर भरून आणल्या. तो परत चढेपर्यंत तुम्ही दारात उभ्या. समोरून एक्स्प्रेस धडधडत गेली, तिच्या खिडक्यांतून माणसं ऐसपैस बसलेली दिसली. तुम्ही तिकडे बघितलंही नाहीत, बाटल्या मोजत होतात.

त्याच थांब्यात तुम्ही डबा उघडलात. घावणे आणि खोबऱ्याची चटणी. आईला दोन वाढलेत, मला दोन, स्वतःला एक. कळव्यात चार घरी पोळ्या करता, वर्षातून दहा दिवस सुटी घेता आणि ती गणपतीलाच, एवढंच स्वतःबद्दल बोललात. आईने कशेडी घाटातल्या रात्रीच्या एसटीच्या गोष्टी काढल्या, उलट्या करणाऱ्या पोरांच्या, घाटात बंद पडलेल्या गाड्यांच्या. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला; गाडी यायच्या आधी तेच एक साधन होतं. तुम्ही म्हणालात, "गाडी आली आनि गाव जवळ आला." मग जरा थांबून, "पन गाडीत मानूस मावंना." त्यात तक्रार नव्हती. पाऊस आला, एवढ्या साधेपणाने तुम्ही ते म्हणालात.

चिपळूण, सावर्डे, आरवली. संगमेश्वर रोडला तुम्ही उतरलात. पिशवी डोक्यावर घेतलीत आणि उतरता उतरता त्या मुलाला म्हणालात, "आजी विलवड्याला उतरनार हाय, तवर वाट बंद करू नको." गाडी हलली. मी खिडकीतून आभार मानायला गेले तोवर तुम्ही पावसात छत्री उघडण्यात गुंतला होतात. म्हणून ते आभार राहिले. ते आज मानते आहे.

आणि तुमच्यामागे काय झालं तेही सांगते, ते तुम्हाला कळायला हवं.

उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. खिडक्या लावून घेतल्या, डब्यातला एकच दिवा चालू होता, तोही दाराशी. उकाडा इतका की भिंतीला हात लावला तरी ओला व्हायचा. आणि नेमकं बोगद्याच्या मध्यावर आईने माझा हात दाबला. दुपारभर पाणी प्यायलं होतं तिने, तुमच्याच भरवशावर. तुम्ही नव्हतात. रत्नागिरीला उतरायची माणसं सामान घेऊन आधीच उठली होती, फट बुजली होती. मी काय बोलावं ते सुचेना. माझ्या तोंडून आवाजच निघेना. तेवढ्यात अंधारातून दाराकडून त्या निळ्या टी-शर्टवाल्याचा आवाज आला, "आजीला वाट द्या." पुढे कुणी तरी तेच म्हणालं. मग आणखी पुढे एका बाईचा आवाज, "आजीला वाट द्या, सरका जरा." माणसं दिसत नव्हती, पण फट उघडत गेली. मी आईला धरून चालले. दाराशी ती सात महिन्यांची पोटुशी मुलगी होती. तिने आईला आत सोडलं, ओढणीचं टोक तिच्या हातात दिलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली, अगदी तुम्ही उभ्या होतात तशीच.

विलवड्याला आम्ही सुखरूप उतरलो. आईची साखर दुसऱ्या दिवशी लांज्यात तपासली, ठीक होती. गणपती छान झाले. ओढणी मी धुऊन ठेवली आहे, तिच्या टोकाला तुमच्या गाठीची चुणी अजून आहे.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. आरक्षण मिळो न मिळो, आम्ही १२ तारखेला निघणार. पिशवीत सुतळीचा एक गुंडा आणि दोन रिकाम्या बाटल्या आताच टाकून ठेवल्या आहेत. आईने मे महिन्यात गावी केलेल्या आमसुलांची एक बरणी तुमच्या नावाने बाजूला काढली आहे, तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तुम्ही नेहमीप्रमाणे जनरलला असालच. गाडी पनवेलला लागली की मी प्रत्येक खिडकीशी "संगमेश्वरच्या मावशी" म्हणून हाक मारत जाईन. तुम्ही फक्त ओ द्या.

तुमचीच,
लांज्याची बाय