'लोकलमॉडकॉन्फिग'बद्दल स्टीव्हन रॉस्टेड यांना आभाराचं पत्र

श्री. स्टीव्हन रॉस्टेड यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २००९ मध्ये लिनक्स कर्नल (म्हणजे सिस्टमचा गाभा) २.६.३२ आला आणि त्यासोबत तुमची 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कर्नल छाटणारी कमांड सगळ्यांच्या हाती आली. सोर्सवरून स्वतःचा कर्नल बांधायला बसलेला नवखा कंपायलरपाशी अडत नाही, मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या मेन्यूतल्या हजारो पर्यायांपाशी अडतो. आपलं वाय-फाय कुठल्या ड्रायव्हरवर चालतं हेच माहीत नसेल, तर काय ठेवायचं न्‌ काय काढायचं ते ठरवणार कसं? तुमच्या पर्ल स्क्रिप्टने तो प्रश्न माणसाला विचारणंच बंद केलं. चालू कर्नलने लोड केलेली मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे गरजेनुसार जोडले जाणारे भाग) ती त्यांची यादी देणाऱ्या एलएसमॉड कमांडमधून वाचते, सोर्समधल्या मेकफाइल आणि केकॉन्फिग या फाइली धुंडाळून प्रत्येकाचा पर्याय शोधते, तो कशावर अवलंबून आहे ते बघते आणि उरलेली मॉड्यूल्स बंद करते. तासन्‌तास चालणारं बिल्ड त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही आटोक्यात येतं. मनापासून आभार!

पत्र उघड आहे, म्हणून पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांसाठी चार गोष्टी इथेच लिहितो. डिस्ट्रोच्याच (उबुंटूसारख्या तुमच्या लिनक्ससोबत आलेल्या) कर्नलवर मशीन सुरू करा. घरच्या फोल्डरमध्ये १२ जीबी जागा हवी. बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल सोर्समध्ये 'डॉट कॉन्फिग' नावाने कॉपी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जे लोड झालेलं नाही, ते कापलं जातं. म्हणून सोर्सच्या फोल्डरमध्ये 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड देण्याआधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, ब्लूटूथ हेडफोन एकदा जोडून वापरा. व्हीपीएन सुरू करा, डॉकर (कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणारं साधन) लागत असेल तर एखादा कंटेनर चालवा. पेनड्राइव्ह नुसता खोचून भागत नाही, माउंट करावा लागतो. नाहीतर एक्सफॅट या पेनड्राइव्हवरच्या फाइल सिस्टमचं मॉड्यूल लोडच होत नाही आणि नव्या कर्नलवर तो उघडत नाही. मग एलएसमॉडची यादी एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी छाटलेल्या कर्नलवरून पुन्हा छाटणी केली की आणखी काहीबाही गळतं; तेव्हा त्याच कमांडमध्ये 'एलएसमॉड=' पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. नव्या पर्यायांबद्दल प्रश्न आले तर एंटर दाबत जा.

उबुंटूची कॉन्फिग घेतली की बिल्ड बहुधा 'कॅनॉनिकल-सर्ट्‌स डॉट पेम' सापडत नाही म्हणून थांबतं. ती फाइल मूळ सोर्समध्ये नसतेच. 'सिस्टम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टम रिव्होकेशन कीज' ही दोन मूल्यं रिकामी केली की पुढे सरकतं. डीबग माहितीही (चुका शोधायला लागणारा जादा डेटा) बंद करा, बरीच जागा तीच खाते. मॉड्यूल्स इन्स्टॉल करताना 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' द्या, म्हणजे इनिट्रॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) फुगून बूट विभाजन भरणार नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी मशीनची सोय) चालू असेल तर सही नसलेला कर्नल सुरूच होत नाही. आणि जुना कर्नल काढू नका. काही बिनसलं तर ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूतून त्यावर परतता येतं.

तुमची स्क्रिप्ट मधेच 'एनव्हिडिया कॉन्फिग नॉट फाउंड' असं दोन उद्गारचिन्हांसह छापते आणि नवखे तिथेच घाबरून थांबतात. थांबू नका. ते मॉड्यूल कर्नलच्या सोर्सबाहेरचं आहे एवढाच त्याचा अर्थ. नव्या कर्नलसाठी ते डीकेएमएस (सोर्सबाहेरची मॉड्यूल्स बांधणारं साधन) वेगळं बांधून देतं.

आपले,
कर्नल बांधणारे काही मराठी लिनक्सकर