पगार कोण देतं, ते सांगते

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवाच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "पोरगी समुद्रावर काय करते?" आणि बाबा, तुम्ही म्हणालात, "लोकांना कासवं दाखवते." आईनं फोनवर हसत सांगितलं, पण तुम्हाला ते सांगणं जड गेलं असणार. एमएस्सी करून शेवटी गाईड झाली, असंच ना? फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते.

कासवं दाखवते हे खरं आहे. पण त्याआधीचं काम कुणाला दिसत नाही. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत हातभर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. मागं वळून बघायची पद्धत नाही. कोल्हे-कुत्री पोचायच्या आत, अंधार असतानाच गावातली पोरं गस्तीला निघतात. माग दिसला की अंडी अलगद, न उलटता काढायची आणि कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबायच्या राखीव जागेत, तेवढ्याच खोलीवर पुरायची. वरून टोपली. पन्नासेक दिवसांनी टोपली उचलली की खाली वाळू हलत असते. आधी एक नाक, मग सगळी झुंड.

माझं काम आकड्यांचं. प्रत्येक खड्ड्यात तापमान नोंदवणारं बोटाएवढं यंत्र असतं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण 29 अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त, खाली नर. वाळू अशीच तापत गेली तर नर कुठून येतील? हे एका हंगामात कळत नाही, वर्षानुवर्षं मोजावं लागतं.

आणि इथंच पैशाचं घोडं अडतं. संशोधनाचं अनुदान म्हणजे आपलं सोयाबीन. आलं तर एकदम येतं, त्यातलं निम्मं आधीच्या उधारीत जातं, आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. पर्यटकांची फी म्हणजे डेअरीचं बिल. रक्कम थोडी, पण दर दहा दिवसांनी हातात. घर कशावर चालतं ते आईला विचारा.

ही काही आमची अक्कल नाही. कॅरिबियन समुद्रात बोनेअर नावाचं बेट आहे. तिथं 1979 मध्ये सागरी उद्यान झालं, थोड्याच वर्षांत पैसा संपला आणि उद्यान कागदावर उरलं. 1992 पासून पाण्यात बुडी मारणाऱ्या प्रत्येकाकडून फी घ्यायला लागले, तेव्हा रखवालदारांचे पगार निघू लागले. आपल्याकडं मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये कासवांची अंडी राखायला घेतली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. लोक गावकऱ्यांच्याच घरी राहतात, तिथंच जेवतात. एके काळी अंडी पळवली जायची, आज तीच अंडी राखण्यात गावाचा फायदा आहे.

आमच्याकडं येणाऱ्यांना आम्ही कामालाही लावतो. कुणी तापमान वहीत उतरवतं, कुणी रिकामी टरफलं मोजतं. होडीतून काढलेले डॉल्फिनचे फोटो आम्ही मागून घेतो, कारण पाठीवरच्या पंखाच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. मागं लातूरचे एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांनी आमची नोंदवही तपासून दोन बेरजा चुकलेल्या काढल्या आणि लाल पेनानं खूणही केली!

पण पर्यटक आले की सगळं साधलं, असं मी म्हणणार नाही. माशांनी गर्दी करावी म्हणून पाण्यात पाव टाकणारे, प्रवाळावर नांगर टाकणारे होडीवाले मी पाहिलेत. फोटोसाठी पिल्लू तळहातावर मागणारे तर रोजचेच. किती माणसं सोडायची, गर्दी अडवायचा दोर कुठं बांधायचा, हे मोजणाऱ्यानं ठरवावं, पैसे घेणाऱ्यानं नाही, यावरून माझी इथं भांडणं होतात. आणि 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं, त्यातच जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणून आता फीमधला काही भाग आम्ही बाजूला टाकतो. बाबा, तुम्ही विचारलंच असतं, "डेअरी बंद पडली तर?"

"समुद्राचं आपल्याला काय," असंही तुम्ही म्हणता. आपल्या गंगाखेडच्या घाटावरून जाणारी गंगा, म्हणजे गोदावरी, राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिच्या मुखाशी हीच कासवं अंडी घालतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये नंबराची ओळखपट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत आमच्या गुहागरला अंडी घालायला आली. देशाला वळसा घालून! पट्टीचा नंबर वाचणारा माणूस त्या रात्री किनाऱ्यावर होता म्हणून कळलं. तसा माणूस रोज रात्री तिथं असावा, एवढ्यासाठीच फीचा हा सगळा खटाटोप.

ज्वारी-हरभऱ्याची रास झाली की मार्चअखेर या. नांदेड-पनवेल गाडी गंगाखेडलाच मिळते, पनवेलहून दापोलीची एसटी धरा. बीपीच्या गोळ्या वरच्या पिशवीत ठेवा, घाटात खाली बॅग उघडता येत नाही. आई, ज्वारीचं पीठ दोन किलो आण. इथं तांदळाची भाकरी मिळते, ती बाबांना चालायची नाही.

आणि किनाऱ्यावर जायची फी तुमच्याकडूनही घेणार आहे. घरच्यांना माफी द्यायची नाही, असा ठराव आहे आणि तो मीच मांडला होता. पावती आईच्या नावानं फाडीन.

तुमची,
ताई