तेलाच्या बाटलीआधी

विश्रामबाग, सांगली

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चांगलीच वैतागली होतीस. मसाजचा कोर्स सुरू होऊन पंधरवडा उलटला तरी तेलाची बाटली उघडलेली नाही, नुसती हाडं, स्नायू आणि गिऱ्हाइकाच्या तब्येतीची माहिती लिहून घ्यायचा तो चार पानी फॉर्म, असं म्हणालीस. बाबा शेजारी बसले होते म्हणून मी जास्त बोलले नाही. त्यांनी लगेच तुझी बाजू घेतली असती. म्हणून हे पत्र.

मला विचारशील तर तुमच्या बाईंनी बाटली आणखी आठवडाभर कपाटातच ठेवावी. चोळायचं कसं ते सरावाने हाताला येतं. कुणाला चोळायचं नाही, ते मात्र आधी डोक्यात असावं लागतं. नाहीतर तुझा चांगला हातसुद्धा समोरच्याच्या जिवावर बेतेल.

मिरजेत नोकरीला असताना तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार आमच्या वॉर्डात आला होता. पायाचं प्लास्टर निघून थोडेच दिवस झाले होते. एका पोटरीला सूज, गरम लागायची, ठणकायची. घरच्यांनी काय करावं? प्लास्टरमध्ये राहून पाय आखडला असेल म्हणून गरम तेलाने रगडला. एकदा नाही, रोज. दम लागायला लागला तेव्हा गाडीत घालून आणला. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकला होता. माणूस वाचला, पण बरेच दिवस आम्ही सगळ्या त्याच्या पलंगाशी उभ्या होतो. रगडणाऱ्याने काही वाईट हेतूने रगडलं नव्हतं गं. त्याने विचारलं नाही, एवढंच.

तुझ्या फॉर्ममध्ये ‘अलीकडे ऑपरेशन, फ्रॅक्चर, बाळंतपण, लांबचा प्रवास’ असं एका ओळीत लिहिलेलं असेल. ती ओळ या माणसासाठी आहे. एकच पाय सुजलेला, दुसऱ्यापेक्षा गरम, दाबला की दुखतो, असं दिसलं तर त्या पायालाच काय, त्या माणसालाच हात लावायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे, मालक ओरडला तर ओरडू दे.

आणि फॉर्म भरून घेतला म्हणून लोक खरं सांगतात असं नाही. आपल्याकडे ‘काही आजार आहे का’ म्हटलं की माणूस ‘छे, काही नाही’ म्हणतो, आणि खिशात तीन गोळ्यांची पाकिटं असतात. म्हणून आजार विचारू नकोस, गोळ्या विचार. ‘सकाळी कुठली गोळी घेता?’ म्हटलं की सगळं बाहेर येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जोराचा दाब नाही, अंगावर काळेनिळे डाग उठतात. मधुमेह जुना असेल तर तळव्यांची संवेदना गेलेली असू शकते. तू दाब किती देते आहेस ते त्याला कळत नाही, आणि तुमच्याकडे ते गरम दगड ठेवतात ना, ते तर त्याच्या पायाला लावूच नकोस. भाजलेलं त्याला दुसऱ्या दिवशी मोजा काढताना दिसेल. पाठदुखीवाला आला आणि सोबत ताप आहे, किंवा लघवीवर ताबा राहिलेला नाही, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला आहे म्हणाला, तर ती उसण नव्हे. त्याला थेट दवाखान्यात पाठव. अंगावर गजकर्ण, पुरळ, उघडी जखम असेल तर तो भाग सोडायचा की तो दिवसच सोडायचा, ते बाईंना विचार. अजीर्ण झालेल्याला अभ्यंग करू नये असं आयुर्वेदातही आहे. म्हणजे ‘आज नको’ म्हणणं हे काही पुण्याच्या एसी खोलीत निघालेलं फॅड नाही.

आता तुला एक गंमत सांगते. आमच्या नर्सिंगच्या शिक्षणात पाठ चोळणं हा रीतसर विषय होता. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ स्पिरिट लावून चोळायची, वर पावडर, म्हणजे बेडसोअर, पडून राहून होणाऱ्या जखमा, होत नाहीत. परीक्षेत मार्क असायचे त्याला. माकडहाडावर, टाचेवर कातडी लाल दिसली की आम्ही तिथे जास्त चोळायचो, रक्त खेळतं राहावं म्हणून. पुढे कळलं की दाबाने लाल झालेली आणि बोट दाबलं तरी पांढरी न पडणारी कातडी आतून आधीच दुखावलेली असते. ती चोळली की आणखी फाटते. मग नवीन पोरींना आम्ही सांगायला लागलो: लाल भागाला हात लावायचा नाही, कूस बदलायची. त्यामुळे तुझ्या वहीत आज जे आहे त्यातलंही काही उद्या बदलेल. बदललं की बदल. ‘आमच्या बाईंनी असंच शिकवलंय’ हे कुणाला ऐकवू नकोस.

बाबांचं म्हणणं वेगळं आहे ते तुला माहीतच आहे. त्यांच्या मते मालिश म्हणजे तालमीतली. जोर-बैठका झाल्या की लहान पोरांनी मोठ्या पैलवानाचं अंग रगडायचं, कोपराने, गुडघ्याने, कधी पाठीवर उभं राहून. कुंडलच्या मैदानात उतरलेला माणूस आहे, त्यांच्याशी वाद कोण घालणार? पण तो पैलवान रोज ताक-हळद-तेल घातलेल्या मातीत लोळलेला, वीस-बावीस वर्षांचा, दुधावर वाढलेला. तुझ्या टेबलावर येणारा माणूस बारा तास खुर्चीत बसून मान अवघडलेला, पन्नाशीचा, बीपीचा. त्याला तालमीचा हात लावलास तर तो दुसऱ्या दिवशी उठणार नाही. ‘दुखलं तरच गुण येतो’ हे आपल्या भागात सगळ्यांना वाटतं. गिऱ्हाईकच म्हणेल ‘अजून जोर लावा’. तू त्याच्या श्वासाकडे बघ. त्याने श्वास धरला, पायाची बोटं आवळली, की दाब जास्त झाला, तोंडाने तो काहीही म्हणो. मानेची पुढची बाजू, जांघ, गुडघ्यामागची खोबण इथे तर जोर नाहीच. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा कातडीलगत असतात.

एका बाबतीत मात्र बाबांचं ऐक. तुमच्या बाई पुढचा पाय वाकवून, मागचा ताठ ठेवून उभं राहायला शिकवतात ना, तो कुस्तीतला पवित्राच आहे. जोर मनगटातून काढायचा नाही, मागच्या टाचेतून यायला हवा. हात सरळ खाली सोडून मूठ वळली की बोटांचे सांधे टेबलाला टेकावेत, साधारण एवढी टेबलाची उंची. तुझी उंची माझ्यासारखी, पाच फूट. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतील आणि सहा महिन्यांत तूच गिऱ्हाईक होशील. अंगठ्याला जप. या धंद्यात आधी अंगठ्याचा सांधा जातो. जिथे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात चालतो तिथे अंगठा वापरू नकोस, आणि वापरलास तर दुसऱ्या हाताचा आधार दे. नखं कापलेली, बोटात अंगठी नाही, बांगडी नाही. दिवसाला सहा-सात माणसं लावून देणारा मालक भेटला तर पगार कितीही असो, तिथे वर्षभरही टिकणार नाहीस.

ते स्वीडिश मसाजचं तू सांगितलंस तेव्हा मला हसू आलं. श्रेय लिंग नावाच्या स्वीडिश माणसाला, त्याने १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली म्हणून. आणि तुम्ही जे पाच प्रकारचे हात शिकता ते बसवले मेझगर या डच डॉक्टरने. तुझ्या जन्मानंतर तुला न्हाऊ घालायला यायच्या त्या मावशींना दोघांचीही नावं माहीत नव्हती, पण लांब सपाट हात, मळणं, थोपटणं सगळं त्यांच्यापाशी होतं. तरी त्यांना मी दोन गोष्टी करू दिल्या नाहीत: नाकात-कानात तेल सोडणं आणि नाक दाबून सरळ करणं. नाकातलं तेल बाळाच्या फुप्फुसात उतरतं, त्याने न्यूमोनिया होतो. तुला पुढे घरोघरी जाऊन बाळंतिणीचं काम करायचं आहे म्हणतेस. इथे सांगलीत ते मिळेल, भरपूर मिळेल, पण प्रत्येक घरात एक आजी असेल आणि ती म्हणेल ‘कानात दोन थेंब सोड’. आजीशी भांडू नकोस, तेलाची वाटी उचलून बाजूला ठेव. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईला उताणी झोपवून मसाज करायचा नाही, डाव्या कुशीवर घे. उताणं झोपल्यावर पोटाच्या भाराने आतली मोठी शीर दबते आणि तिला चक्कर येते.

कुणाला खोटं सांगू नकोस. ‘मसाजने अंगातलं विष निघून जातं’ असं तुमच्या पत्रकावर छापलं आहे, मी वाचलं. कुठलं विष, कुठून निघतं? ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. व्यायामाने स्नायूंत आणि रक्तात वाढलेलं लॅक्टेट नावाचं द्रव्य तर तू हात लावला नाहीस तरी तासाभरात उतरतं. आखडलेलं अंग सैल होतं, काही काळ दुखणं कमी होतं, झोप चांगली लागते, हे पुरेसं नाही का? गुडघ्याची झीज भरून काढते, सरकलेली चकती बसवते, असलं काही तोंडातून काढू नकोस. नावामागे ‘डॉ.’ लावणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा.

आता हे जरा नीट वाच. चादर अंगावर पूर्ण, ज्या भागावर काम चालू तेवढाच उघडा. हे गिऱ्हाइकासाठी जितकं, तितकंच तुझ्यासाठी. कुणी वेडंवाकडं बोललं, हात पुढे केला, की मसाज तिथेच थांबव आणि खोलीबाहेर ये. पैसे परत द्यायचे की नाही ते मालक बघेल. नोकरी धरण्याआधी विचार की असं झालं तर ते कुणाच्या बाजूने उभे राहतात. उत्तर देताना माणूस चाचरला की समजून घे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे: दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती असावीच लागते, आणि त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. गिऱ्हाइकाने केलेला त्रासही त्यात येतो.

आत्या परवा येऊन ‘एवढं शिकून लोकांची अंगं चोळणार का’ असं विचारून गेल्या. मी तीस वर्षं लोकांची अंगं पुसली, त्यावर हे घर उभं आहे, एवढंच म्हणाले. चहा पिऊन गेल्या.

राहिलेलं थोडक्यात. तेलाचे टॉवेल गरम पाण्यात धुवायचे, आणि ड्रायरमधून काढल्यावर गरम असताना घडी करून रचायचे नाहीत. धुवूनही तेल उरतं, ढिगाची ऊब वाढत जाते आणि आपोआप पेट घेतो. पसरून गार होऊ द्यायचे. कुणाला बदाम-शेंगदाण्याचं वावडं आहे का ते तेल निवडण्याआधी विचारायचं. कृष्णेचं पाणी वाढतंय, पण आयर्विन पुलाशी अजून ४० फुटांच्या इशारा पातळीखालीच आहे, तेव्हा बातम्या बघून रोज फोन करू नकोस. तुझी दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं माझ्या कपाटात आहेत. नोकरी देणाऱ्याने ‘ओरिजिनल जमा करा’ म्हटलं तर झेरॉक्स दे आणि मूळ दाखवून परत घे. कुणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवायची नाहीत. फीचा दुसरा हप्ता सोमवारी पाठवते.

तुझी,
आई