‘प्र. प्राचार्य’ : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अनुदानित महाविद्यालयांतील प्राचार्यांची निवड

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाच्या कार्यालयात ३१ वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. प्राध्यापक नव्हतो, त्यामुळे शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावर आपल्याला चार शब्द सुनावण्याचा मला अधिकार नाही. पण प्राचार्य कसा नेमला जातो, आणि जास्त करून कसा नेमला जात नाही, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. जाहिरातीचे मसुदे मी टाइप केलेत, उमेदवारांचे गठ्ठे मी बांधलेत, समितीच्या प्रवासभत्त्याच्या पावत्यांवर तिकिटं मी चिकटवलीत.

एका शिक्क्यापासून सुरुवात करतो. आमच्या एस.टी. स्टँडसमोर रबरी शिक्के करून देणाऱ्याचं दुकान आहे. पूर्वी त्याच्याकडून ‘प्राचार्य’ असा शिक्का करून आणला की वर्षानुवर्षं चिंता नसायची. मग आमचे सर निवृत्त झाले आणि मी पहिल्यांदा ‘प्र. प्राचार्य’ असं कागदावर लिहून नेलं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “साहेब, ‘प्र’ दोनदा पडलाय, एक खोडू का?” त्याला सांगितलं, बाबा रे, पहिला ‘प्र’ प्रभारीचा आहे. दोन-चार महिन्यांचाच प्रश्न आहे.

तो शिक्का झिजला. दुसरा केला. तोही झिजला.

प्रभारी प्राचार्य म्हणजे काय, हे मंत्रालयातल्या फायलीत दिसत नसेल. बहुतेक वेळा कॉलेजातल्या सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकाच्या गळ्यात ही माळ पडते. त्याचे तास सुटत नाहीत, विभाग सुटत नाही, वर हे. विद्यापीठाकडून आमच्याकडे सहा-सहा महिन्यांची मान्यता यायची. मुदत संपली की पुन्हा ठराव, पुन्हा पत्र, पुन्हा मुदतवाढ. ज्या सहकाऱ्याला आज ‘तुमच्या तासाला मुलं का नाहीत’ असं विचारायचं, त्याच्याच शेजारी उद्या स्टाफरूममध्ये बसून डबा खायचाय, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. मग तो विचारत नाही. खरेदीच्या फायलीवर सही करताना त्याचा हात कचरतो. पुढच्या तीन वर्षांत काय करायचं, असा प्रश्नच त्याच्या मनात येत नाही. पुढची मुदतवाढ कधी येणार, एवढंच येतं. यात त्याचा दोष नाही. आमच्याकडचे तिन्ही प्रभारी सज्जन होते. एकाला तर त्या खुर्चीने रक्तदाब दिला.

मुलांना याची झळ कशी लागते, ते सांगतो. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज आधी लिपिकाच्या लॉगिनला येतो आणि मग प्राचार्यांच्या. आमचे सर निवृत्त झाले तेव्हा त्या लॉगिनला त्यांचाच मोबाइल नंबर जोडलेला होता. बदलायचा तर पत्रव्यवहार, आणि नवीन प्राचार्य तर नाहीत. दीड महिना मी सरांना रोज सकाळी फोन करायचो. ते मुलाकडे पुण्याला. “सर, ओटीपी आला का?” सर चष्मा शोधायचे, आकडे वाचायचे, तोवर वेळ संपलेली असायची. पुन्हा पाठवा. एकदा ते दवाखान्यात होते. सूनबाईंनी फोन उचलला आणि त्यांना वाटलं, बँकेच्या नावाने फसवणारा कुणी आहे. बरोबरच होतं त्यांचं. इकडे खिडकीबाहेर एक मुलगी उभी. वडील ऊसतोडीला गेलेले, अर्ज ‘प्राचार्य लॉगिनला पेंडिंग’. तिला मी काय सांगू? की तुझी शिष्यवृत्ती एका निवृत्त माणसाच्या चष्म्यापाशी अडकलीय?

आणि हे सगळं कशामुळे? प्राचार्य अचानक परागंदा होत नाहीत. त्यांची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. ते निवृत्त कधी होणार, हे नेमणुकीच्या दिवशीच सांगता येतं. तरी आमच्याकडे कागद हलायला सुरुवात होते ती निरोपाचा नारळ दिल्यावर. मग संस्थेचा ठराव, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची ना हरकत, विद्यापीठाकडून जाहिरातीला मंजुरी, जाहिरात, छाननी, कुलगुरूंचे प्रतिनिधी, तज्ज्ञांची नावं, आणि शेवटी या सगळ्यांना एकाच दिवशी सवड. एकदा तारीख ठरली, तर एका तज्ज्ञांच्या घरी लग्न निघालं. पुढची तारीख सात महिन्यांनी.

खरं सांगायचं तर प्रभारी सगळ्यांच्याच सोयीचा असतो. संस्थाचालकांना सोयीचा, कारण पाच वर्षांसाठी नेमलेल्या प्राचार्याला हलवणं जड जातं, प्रभारीला एक फोन पुरतो. काही प्राध्यापकांना सोयीचा, कारण मस्टर कुणी उघडून बघत नाही. रागावू नका, पण शासनालाही सोयीचा असावा. एक पगार वाचतो. ज्या दुखण्यात सगळ्यांची सोय, त्याला औषध कोण आणणार?

आता निवड होते तेव्हा कशी होते, ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे उमेदवाराकडे पीएचडी हवी, १५ वर्षांचा अनुभव हवा, किमान १० शोधनिबंध हवेत आणि संशोधनाचे ११० गुण हवेत. नेमणूक ५ वर्षांची, काम चांगलं असेल तर आणखी एकदा. कागदावर चांगलंच आहे. पण मी ते गुण मोजलेत, म्हणून बोलतो. भाषा-समाजशास्त्रांकडच्या एका शोधनिबंधाला १० गुण, विज्ञानाकडच्याला ८, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, पीएचडी झालेल्या एका विद्यार्थ्याचे १०. फायली अशा जाड यायच्या की दोऱ्याने बांधताना गुडघा लावावा लागायचा. त्या गठ्ठ्यांत माणूस कुठे आहे, हे मात्र मला कधी सापडलं नाही.

आमच्याकडे एक प्राचार्य होते. त्यांनी आल्या आल्या पहिलं काम काय केलं? पहिल्या तासाला मुली का नसतात, हे शिपायाला विचारलं. खेड्यावरून येणारी गाडी पावणेनऊला पोचायची आणि तास आठला. सर स्वतः आगारप्रमुखांकडे चार वेळा जाऊन बसले. गाडी सव्वासातची झाली. त्या वर्षी विज्ञानाच्या पहिल्या वर्गाला बाकं कमी पडली. या कामाचे गुण त्या तक्त्यात कोणत्या रकान्यात धरायचे, महोदय?

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांच्याकडे पीएचडी नव्हती. पुढे त्यांच्यावर इतरांनी पीएचड्या केल्या. आजच्या छाननीत त्यांचा अर्ज मी, म्हणजे आमच्या ऑफिसच्या एका लिपिकाने, लाल शेरा मारून बाजूला ठेवला असता. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात प्राचार्य असलेले शिवाजीराव भोसले पुढे कुलगुरू झाले, तरी महाराष्ट्र त्यांना शेवटपर्यंत ‘प्राचार्य’च म्हणत राहिला. त्या शब्दाला इतकं वजन होतं. पात्रता काढून टाका असं मी म्हणत नाही. ती काढली तर काय भरती होईल, हे मला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण पात्रता म्हणजे उंबरठा. उंबरठा ओलांडून आत आलेल्याला निदान कुणी नीट बघावं की नाही?

मुलाखतीच्या दिवशी सभागृहात टेबलावर पांढरी चादर, बिसलेरीच्या बाटल्या, बाहेर व्हरांड्यात उमेदवार. फाटकावर सूचना : ‘आज तास होणार नाहीत.’ ज्या मुलांसाठी प्राचार्य निवडायचा, त्यांना त्या दिवशी घरी पाठवायचं, ही आमची पद्धत. एकेकाला दहा-बारा मिनिटं. मग जेवण. संध्याकाळी प्राध्यापकांना निकाल कळतो तो चहा घेऊन आत जाणाऱ्या शिपायाकडून. निकाल आधीच ठरलेला असतो, असं गावात बोलतात. पाकिटांचंही बोलतात. मी पाकीट पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर लिहिणार नाही. एवढंच लिहितो की दार बंद असलं की लोक बोलणारच.

माझी भाची कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे तिकडचं तालुक्याचं कॉलेजच समजा : दोन वर्षांचं शिक्षण, फी कमी, घरून आणि नोकरीवरून ये-जा करणारी मुलं. त्यांच्याकडे प्राचार्याला प्रेसिडेंट म्हणतात आणि त्याला नेमणारं विश्वस्त मंडळ त्या भागातले मतदार निवडून देतात. गेल्या खेपेला शेवटच्या तीन उमेदवारांना कॉलेजात बोलावलं होतं. एक तास मुलांसमोर, एक तास प्राध्यापकांसमोर, एक तास कार्यालयातल्या लोकांसमोर. कुणीही उठून काहीही विचारावं. एका सफाई कामगार बाईंनी विचारलं, रात्रपाळीला पार्किंगमध्ये दिवे नाहीत, तुम्ही काय करणार? एक उमेदवार पाच मिनिटं दूरदृष्टीवर बोलला. दुसरीने विचारलं, “कोणतं पार्किंग? मला दाखवाल का?” शेवटी निर्णय मंडळानेच घेतला. भाची म्हणते, मामा, इकडेही वशिले असतात, फार हुरळून जाऊ नका. नाही हुरळत. पण दिव्यांचा प्रश्न कुणाला कळला आणि कुणाला नाही, हे तिथे दोनशे माणसांनी पाहिलं.

माझं मागणं एवढंच आहे. निवड समिती तीच राहू द्या, नियम तेच राहू द्या. फक्त मुलाखतीच्या आधी एक दुपार, पात्र ठरलेल्या उमेदवारांना कॉलेजच्या सभागृहात उभं करा. समोर मुलं, पालक, प्राध्यापक, शिपाई, माजी विद्यार्थी. कुलगुरूंच्या दोन्ही प्रतिनिधींनी मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकायचं. नवीन समिती काढायची गरज नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती आहेच. तिच्यात निवडून आलेले शिक्षक आहेत, शिक्षकेतर कर्मचारी आहे, माजी विद्यार्थी आहे, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्षसुद्धा आहे. (विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांचं न बोललेलं बरं.) ती दुपार या समितीने भरवावी. आणि प्राचार्यांच्या निवृत्तीच्या सहा महिने आधी ही सगळी प्रक्रिया आपोआप सुरू व्हावी; सहसंचालक कार्यालयाने ३० दिवसांत ना हरकत दिली नाही, तर ती मिळाली असं धरावं. एक शासन निर्णय पुरेल. ते कसे निघतात हे मी पाहिलंय. आपण मनावर घेतलं तर शुक्रवारी संध्याकाळीसुद्धा निघतात.

यावर मला दोन उत्तरं मिळतील, ती आत्ताच घेऊन टाकतो. पहिलं, उमेदवाराचं नाव जाहीर झालं तर त्याची सध्याच्या कॉलेजात पंचाईत होईल. साहेब, तो आपल्या संस्थेची परवानगी घेऊनच अर्ज करतो. त्याच्या स्टाफरूमला ते त्याच्या बायकोच्या आधी कळलेलं असतं. दुसरं, खासगी संस्थेच्या कारभारात शासनाने हात घालू नये. संस्था त्यांची, मान्य. त्यांच्या आजोबांनी माळरानावर चार खोल्या बांधल्या म्हणून आमच्या गावची पोरं शिकली. त्या माणसाला मी आजही हात जोडतो. पण पगारबिल कोषागारातून निघतं. दर महिन्याला ते मीच पाठवत होतो.

सभागृहात गोंधळ होईल, ही भीती मलाही आहे. कुणीतरी पुढाऱ्याचा पोरगा उठेल, घोषणा होतील, माइक बंद पडेल. पडू द्या. पुढची पाच वर्षं प्राचार्याला हेच तर सांभाळायचंय. तो तेव्हा काय करतो, ते पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसून कळणार नाही.

गेल्या महिन्यात माझ्या जागी आलेला मुलगा नवीन शिक्का करायला स्टँडसमोरच्या त्या दुकानात गेला होता. दुकानदाराने कागद पाहिला, माझी चौकशी केली आणि म्हणाला, “या वेळी ‘प्र.’ जरा लांब ठेवून करतो. खरे साहेब आले की ब्लेडने तेवढा कापून टाका, नवीन शिक्क्याचे पैसे वाचतील.”

त्याने खरंच तसा करून दिलाय. ब्लेड ऑफिसच्या खणात आहे.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक