सपाट म्हणालीस ना, मग हे वाच

चि. चिमू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की बाबा, टोरंटोच्या जॉबला हो म्हणायचं चाललंय, इथं सस्कॅटूनला आहे काय, नुसतं सपाट, काहीच नाहीये. तेव्हा मी गप्प बसलो कारण तुझी आई शेजारून फोन ओढत होती. टोरंटोला जायचं तर खुशाल जा, पगार बरा आहे, मैत्रिणी आहेत तिथं, माझं काही म्हणणं नाही. पण ते "काहीच नाहीये" माझ्या डोक्यातून जाईना. अगं ३४ वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसासमोर जमिनीला काहीच नाही म्हणायचं नसतं. म्हणून टाईप करत बसलोय, चष्मा नवा आहे, चुका असतील त्या समजून घे.

मे ते ऑक्टोबर तुझ्याकडं राहिलो ना आम्ही, तू ऑफिसला गेलीस की मी लॅपटॉपवर तुमच्या सस्कॅचेवान प्रांताचा नकाशा उघडून बसायचो. आईला वाटायचं मी क्रिकेट बघतोय. खरं सांगू, असला नकाशा मी आयुष्यात बघितला नव्हता. खाली ४९ अक्षांश, वर ६० अक्षांश, डावीकडं ११० रेखांश, झाला प्रांत. आपल्याकडं गावाची शिव म्हणजे ओढा असतो, डोंगराची धार असते, नाहीतर एखादं म्हातारं चिंचेचं झाड तरी असतं. कॅनडातला हा एकच प्रांत असा की ज्याच्या एकाही बाजूला नदी नाही, डोंगर नाही, समुद्र नाही, सगळ्या बाजू कागदावर पट्टी ठेवून मारलेल्या. १ सप्टेंबर १९०५ ला अल्बर्टा आणि हा असे दोन प्रांत शेजारी शेजारी पाडले, वाटणीपत्रात दोन भावांचे गट पाडतात तसे. आणि लोक त्याला आयत म्हणतात ते पण चूक आहे हां. वर गेलं की रेखांश जवळ जवळ येतात त्यामुळं प्रांत वरच्या अंगाला अरुंद होत जातो, आणि मॅनिटोबाकडची पूर्वेची हद्द तर मोठं करून बघितलीस तर सरळ नाहीच, खालच्या भागात पायऱ्या पायऱ्यांनी सरकलीये. बघ एकदा झूम करून.

त्या पायऱ्यांचं कारण मला आपल्या त्या ड्राइव्हमध्ये सापडलं. तुला आठवतं का, खडीच्या रस्त्यानं चाललो होतो, नाकासमोर सरळ, चिटपाखरू नाही, आणि मध्येच रस्ता उगाचच बाजूला वळला, थोडा चालला आणि परत सरळ. तू म्हणालीस इंजिनियरला झोप लागली असणार. नाही गं, त्या माणसाला झोप लागलेली नव्हती, तो फार जागा होता. सगळी प्रेअरी, म्हणजे ते गवताळ मैदान, त्या मोजणीवाल्यांनी सहा मैल बाय सहा मैलाच्या चौकोनांत कापली, एका चौकोनाला टाउनशिप, एकात ३६ सेक्शन, सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर, त्याचा पाव म्हणजे १६० एकर. १८७२ च्या कायद्यानं तो पाव तुकडा १० डॉलर फी भरून माणसाला मिळायचा, अट एवढीच की तिथं राहायचं आणि कसायचं. (तुझ्या व्हिसाची फी आठवली आणि हसू आलं.) आता पृथ्वी गोल, वर जाल तशा उभ्या रेषा संत्र्याच्या फोडीसारख्या जवळ येणार, मग सहा मैल रुंदी टिकवायची कशी? तर दर २४ मैलांवर एक करेक्शन लाईन टाकायची आणि तिथून परत पूर्ण माप धरून मोजायला सुरुवात करायची, म्हणून तिथं उभे रस्ते थोडे बाजूला सरकतात. म्हणजे तो वळसा होता पृथ्वीच्या गोलाईचा! सपाट जमिनीवर पृथ्वी गोल आहे हे गाडीत बसून कळतं, असं ठिकाण मला तरी दुसरं माहीत नाही, आणि तू म्हणतेस काही नाही.

त्यांची साखळी ६६ फुटांची, आपली शंकुसाखळी ३३ फुटांची, बरोब्बर निम्मी. त्या ३३ च्या चौरसाचा आपला गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. त्यांच्या ८० साखळ्यांचा मैल. दोन्हीकडं साहेबच पोचला होता ना माप घेऊन. तुमच्याकडं जमिनीचा पत्ता कसा लिहितात ते बघितलंस का कधी, अमुक सेक्शन, टाउनशिप ३६, रेंज ५ म्हणजे पाचवा उभा पट्टा, थर्ड मेरिडियन नावाच्या ठरलेल्या उभ्या रेषेच्या पश्चिमेला. टाउनशिप ३६ म्हणजे अमेरिकेच्या बॉर्डरपासून वर सहा सहा मैलांची छत्तिसावी ओळ, म्हणजे बॉर्डर दोनशे दहा-पंधरा मैल खाली, हे मी गाडीत बसल्या बसल्या तोंडी काढलं होतं पण तुम्ही दोघी डोनटचं बोलत होतात. सातबाऱ्यावर असं लिहिलं असतं तर माझी निम्मी नोकरी भांडणं न ऐकता गेली असती.

पण भांडणं तिथंही झालीच. तुला बटोशला चल म्हणत होतो, तुझी सुट्टी जमली नाही. तिथं साउथ सस्कॅचेवान नदीच्या काठावर मेटी लोक राहायचे, म्हणजे फ्रेंच व्यापारी आणि क्री वगैरे तिथल्या मूळ जमातींच्या बायका यांची पुढची पिढी. त्यांच्या जमिनी नदीला लागून लांबट पट्ट्या पट्ट्यांच्या, प्रत्येकाचं एक टोक पाण्याला. आपल्या कृष्णाकाठी पण तशाच पट्ट्या आहेत, अक्कल त्यात ही की पाणी सगळ्यांना, मळई सगळ्यांना. आणि सरकारी मोजणी आली चौकोन घेऊन. चौकोनात एकाला नदी आणि मागच्या तिघांना धुरळा. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, उत्तर येईना. कारणं आणखीही होती म्हणा, तिकडच्या रानम्हशींचे, बायसनचे कळप संपले होते, क्री लोकांची उपासमार चालली होती. १८८५ च्या मे महिन्यात बटोशला चार दिवस गोळीबार झाला, मेटी हरले, आणि त्यांचा पुढारी लुई रिएल याला १६ नोव्हेंबर १८८५ ला रिजायनात, तुमच्या आत्ताच्या राजधानीत, फाशी दिली. मी नोकरीत बांधावर कुऱ्हाडी निघालेल्या बघितल्यात, एकदा माझ्याच मोजणीच्या प्लेन टेबलाला लाथ बसलीये, त्यामुळं हे वाचताना मला ते पुस्तकातलं वाटलं नाही. मोजणीवाल्याला वाटतं आपण फक्त रेघ मारतोय.

आता नावांचं. मला वाटतं चौकोन पाडणाऱ्याला नावं पुरेनात. रेल्वेनं तर हद्द केली. आपण मॅनिटू लेकला गेलो ते रुळाच्या कडेकडेनं, मी गावांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होतो आणि तू म्हणालीस बाबा बास. क्लॅव्हेट, ब्रॅडवेल, अॅलन, मग झेल्मा, यंग, झीना, वॉट्रस. इंग्लिश स्पेलिंगची पहिली अक्षरं घे, सी बी ए, झेड वाय एक्स डब्ल्यू! आपण एबीसीडी उलटी म्हणत चाललो होतो. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेनं स्टेशनांना चक्क बाराखडीच्या क्रमानं नावं दिली, झेड संपला की परत ए. आणखी पूर्वेला गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर, लेस्टॉक अशी रांग आहे. वॉट्रस हा तर रेल्वेच्या एका मोठ्या साहेबाच्या नावातला मधला शब्द. आणि झीनाला तर आता काही उरलेलंच नाही, नुसतं एक्स मिळालं म्हणून नाव राहिलं बिचाऱ्याचं. मॅनिटू मात्र रेल्वेचं नव्हे, ते आधीचं, क्री भाषेत देव, आत्मा असं काहीतरी. खाऱ्या पाण्यात आई न बुडता तरंगली आणि घाबरून माझा हात सोडेना, तो फोटो पाठव की मला, किती वेळा सांगितलं.

राजधानीचं तर ऐक. त्या जागेचं क्री नाव ओस्काना, म्हणजे हाडांचा ढीग. म्हशींची, तुमच्या बायसनची हाडं तिथं रचून ठेवलेली, म्हणे हाडं राहिली की कळप सोडून जात नाहीत. कळप गेले, मग ती हाडंसुद्धा खतासाठी रेल्वेनं गेली. १८८२ मध्ये गव्हर्नर जनरलच्या बायकोनं, राजकन्या लुईजनं, आपल्या आईचं म्हणून रिजायना नाव ठेवलं, लॅटिनमध्ये राणी, राणी म्हणजे व्हिक्टोरिया. ओस्कानाचं वास्काना होऊन ओढ्याला आणि तळ्याला उरलं. आणि राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट बसवलाय साडेतीनशे किलोमीटर वर जंगलाच्या तोंडाशी. राजाराणी अशी लांब लांब आणि मधे तुमचं सस्कॅटून, जे राणीचंही नाही आणि साहेबाचंही नाही, एका जांभळ्या बेरीचं आहे, मिसास्क्वातोमिना. दारूबंदीवाल्यांनी वसवलेलं गाव आणि नाव फळाचं, मला आवडलं. प्रांताचं नाव पण क्रीच, किसिस्काचिवन, वेगानं वाहणारी नदी. आणि स्विफ्ट करंट गाव आहे ना, ते त्याच शब्दाचं इंग्लिश, म्हणजे प्रांताचं आणि त्या गावाचं नाव अर्थानं एकच, कुणाला पत्ता नाही.

चुकीची नावं पण आहेत. सायप्रस हिल्समध्ये सायप्रसचं झाड औषधालाही नाही, तिथले पाईन बघून फ्रेंच बोलणाऱ्यांनी सिप्रे म्हटलं आणि इंग्रजांनी सायप्रस करून टाकलं. आणि सपाट म्हणतेस तर त्या टेकड्या तुमच्याच प्रांतात १,३९० मीटरच्या आसपास जातात, म्हणजे साधारण आपलं महाबळेश्वर. हिमयुगात सगळीकडं बर्फाचा थर असताना त्यांचा माथा बाहेर उघडा होता. तिथलं काही पाणी हडसन बेला जातं आणि फ्रेंचमन नदीचं पाणी मिसुरी, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातात. मूस जॉ गावाचं नाव कशावरून यावर तर एकमत नाही, कुणी म्हणतं नदी मूसच्या, म्हणजे तिकडच्या त्या थोराड हरणाच्या, जबड्यासारखी वळते, कुणी म्हणतं क्रीतल्या उबदार वाऱ्याचा अपभ्रंश. त्यांनी ते सोडून पुतळ्याचं मनावर घेतलं, नॉर्वेवाल्यांनी मोठा मूस बांधला म्हणून २०१९ मध्ये ह्यांनी आपल्या मॅक नावाच्या मूसच्या पुतळ्याला उंच शिंगं बसवली. आपल्या गणपती मंडळांची आठवण आली मला.

आणि क्वापेल. सपाट शेतातून चाललो होतो आणि जमीन एकदम पायाखालून निघून गेली, खाली दरी, दरीत तळ्यांची माळ. फ्रेंच नाव, अर्थ "कोण हाक मारतंय?" रात्री होडीतून घरी निघालेल्या तरुणाला कुणीतरी नावानं हाक मारते, तो विचारतो कोण, नुसता प्रतिध्वनी येतो, आणि घरी पोचतो तर त्याची होणारी बायको गेलेली, शेवटी त्याचंच नाव घेत होती. तू म्हणालीस आईला सांगू नका. सांगितलं मी, विमानात.

उत्तरेकडं आपण गेलोच नाही. अर्धा प्रांत तिकडं आहे, खडक, जंगल आणि एक लाखाच्या घरात तळी. एवढ्या तळ्यांना नावं कुठून आणणार? तर दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या प्रांतातल्या पोरांची नावं तळ्यांना, बेटांना, खाडीला दिली. चार हजारांच्या आसपास आहेत अशी. शेतावरून उठून गेलेली १९-२० वर्षांची पोरं, युरोपात मेली, आणि इकडं जिथं त्यांनी कधी पाय ठेवला नसेल अशा पाण्याला त्यांचं आडनाव. आपल्याकडं अपशिंगे गावाला नुसतं मिलिटरी जोडून सगळ्यांचं एकात भागवलंय. मी त्या रात्री नकाशा बराच वेळ बंद केला नाही.

आमच्या साताऱ्यात एका जिल्ह्यात ३० लाख माणसं, तुमच्या प्रांतात महाराष्ट्राच्या दुप्पट जमीन आणि २०२१ च्या जनगणनेला ११ लाख ३२ हजार. त्यामुळं रिकामं वाटणार, ते मी समजू शकतो. आणि घड्याळाचं सांगायचं राहिलं, मी अंगणात काठी रोवून सावली मापायचो ना, तुझे शेजारी बघायचे, तर तुमच्याकडं सूर्य डोक्यावर येतो एक वाजून सात-आठ मिनिटांनी. रेखांश एका टाईम झोनचा आणि घड्याळ पूर्वेकडच्या झोनचं, वर ते घड्याळ वर्षभर हलवत पण नाहीत. म्हणून तुला सकाळी उठवत नाही, आळस नाही तो सगळा.

टोरंटोचं पक्कं झालं तर सामान बांधायच्या आधी एक काम कर. प्रिन्स अल्बर्टच्या पूर्वेला नॉर्थ आणि साउथ सस्कॅचेवान एकमेकींना मिळतात, द फोर्क्स म्हणतात. कराडचा माणूस सहा महिने राहून संगम न बघता परत आला, इथं प्रीतिसंगमावर फिरायला गेलो की मंडळी विचारतात आणि मला सांगता येत नाही. गाडी घेऊन जा, व्हिडिओ काढ, आडवा धर फोन. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात तशा त्या भिडतात की शेजारून येऊन गुपचूप मिसळतात, एवढं मला बघायचंय.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणतेय फ्रीझरमधल्या सस्कॅटून बेरीज टाकून देऊ नकोस, साखर घालून मंद गॅसवर ठेव, मुरंबा होतो. तिच्या मते चव करवंद आणि जांभळाच्या मधली आहे. मला नुसती जांभळासारखीच लागली, पण तिच्यापुढं बोलत नाही.