मिस्त्री निवृत्त व्हायच्या आधी शेजारी एक नवशिका द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पेशाने फिटर आहे. गेल्या महिन्यात आमच्या वर्कशॉपमधले सर्वांत जुने मिस्त्री निवृत्त झाले. मशीनचा बेड, म्हणजे ज्यावर तिचे भाग सरकतात तो सपाट पाया, झिजला की सपाट पट्टीला निळी लावून ती बेडवर घासायची, उंच जागी उठलेले ठिपके बघायचे आणि तेवढा भाग हाताने स्क्रेप करायचा, म्हणजे खरवडायचा, हे काम त्यांचं. एका चौरस इंचात वीसेक ठिपके सारखे उठेपर्यंत ते थांबत नसत. आता ते काम आमच्यात कुणालाच येत नाही, कारण ते करताना त्यांच्या शेजारी कधी कुणाला उभंच केलं नाही.

मला त्यांच्याकडून एक गोष्ट मिळाली, छिन्नीला पाणी द्यायची, म्हणजे तापवून, पाण्यात विझवून तिची धार कडक करायची. पुस्तकात ती चार ओळींत संपते. टोक लाल करा, तेवढंच पाण्यात बुडवा, घासून चकाकी आणा, मागची उष्णता टोकाकडे सरकताना रंग बघा आणि जांभळा धारेवर पोचला की सगळी छिन्नी विझवा. मी हे पाठ करून गेलो होतो. पहिली छिन्नी पिवळ्यावरच विझवली, तर दुसऱ्या घावाला धारेचा तुकडा उडाला. दुसऱ्या वेळी निळा उलटून गेला आणि धार दुमडली. पिवळा साधारण २३० अंशांना येतो आणि निळा ३०० च्या आसपास, पण धारेवरून हे रंग बघता बघता निघून जातात. तिसऱ्या वेळी मिस्त्री मागे उभे राहिले. म्हणाले, "रंग धारेवर दिसायची वाट बघू नकोस, मागून येतानाच ओळख." पाण्यात छिन्नी स्थिर धरली की पाण्याच्या रेषेवर तडा जातो, म्हणून ती वरखाली हलवत राहायची, हेही तेव्हाच कळलं. भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात का ठेवतात तेही कळलं. उजेडात पोलादाचा लाल रंग फसवतो आणि छिन्नी जास्त तापते.

मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुलांना मी नावं ठेवत नाही, मीही बघतो. पण कानस पुढे जातानाच कापते हे व्हिडिओ सांगेल; मागे आणताना माझा हात दाबतोय, हे शेजारचा माणूसच हातावर बोट ठेवून सांगणार.

जुन्यांचं सगळंच घ्यावं असंही नाही. चष्मा न घालता ग्राइंडरवर बसणं, मशीनवर निघणारे धातूचे चिप्स हाताने ओढणं, या सवयी त्यांच्याबरोबरच जाऊ द्याव्यात. काही मिस्त्री हातचं राखून शिकवतात, हेही खरं. पण शिकवलं की आपली गरज संपेल अशी धास्ती असलेल्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? शिकवणं हे त्याचं काम म्हणून धरा आणि त्याचा पगार द्या.

जपानमधलं इसे इथलं देवस्थान साधारण दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. मागची उभारणी २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये आहे. एकच सुतार तरुणपणी हाताखाली, पुढे मुख्य कामावर आणि म्हातारपणी सांगायला उभा राहू शकतो. तिथे शिकवणं वेळापत्रकातच बसवलेलं आहे.

कारखानदारांना माझी विनंती एवढीच की निवृत्तीआधीची निदान दोन वर्षं मिस्त्रींवरचं उत्पादनाचं ओझं कमी करावं आणि एक नवशिका कायम त्यांच्या शेजारी द्यावा. त्याच्या हातून बिघडलेला माल शिकवणीच्या खर्चात धरावा, त्याच्या पगारातून कापू नये. माझ्या दोन छिन्न्या वाया गेल्या तेव्हा मिस्त्रींनी तिसरी स्वतःहून हातात दिली होती.

पुढच्या वर्षी आमच्याकडचे आणखी दोघे निवृत्त होत आहेत. त्यातले एक जण बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, मूठ कानाशी धरून बिघाड सांगतात. त्यांच्याजवळ अजून कुणाला दिलेलं नाही.

आपला,
एक फिटर